आढीतली शेवटची बाटली

विंझरहून माणूस आला तेव्हा शाळा नुकतीच सुटली होती. टोपी हातात घेऊन तो फाटकापाशी उभा राहिला. "मास्तर, दाजी गेलं..." एवढंच म्हणाला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. त्याला आता काही आठवडे होऊन गेले. दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर त्यांच्या जिभेचा आवाज माझी पाठ सोडत नाही. कशाचीही चव घेतली की टाळूवर जीभ वाजवून ते 'टक्' करायचे. संध्याकाळी भोरच्या खोलीत मी दिवा लावतो आणि मागून ते 'टक्' ऐकू येतं. वळून बघावं, तर कुणी नसतं.

दाजी संस्थानच्या पाहुणेबंगल्यावर बटलर होते. धरण बघायला आलेला एक फ्रेंच पाहुणा त्यांच्यावर खूश झाला आणि जाताना आपल्या मुलखातल्या नामांकित मळ्याच्या तांबड्या वाइनच्या काही बाटल्या देऊन गेला. ही अजून कोवळी आहे, बरीच वर्षं मुरू द्या, असं त्याने बजावलं होतं. आता कच्चं असेल ते आढीत घालायचं, एवढंच आम्हा मावळातल्या लोकांना ठाऊक! दाजींनी बाटल्या विंझरला आणल्या आणि माळ्यावर आंब्यांशेजारी भाताच्या पेंढ्यात आडव्या निजवल्या. उन्हाळ्यात आंब्याची आढी उपसली की एक बाटली उघडायची, असा त्यांचा नेम. पहिल्या खेपेला मीही होतो. पेला उजेडाला धरून ते म्हणाले, "कडंला जांभळी झाक हाय बगा, मास्तर. पिकली की हीच कड इटकरी होती." मग हुंगणं, घोट तोंडात खेळवणं, आणि टक्. मी चाखली तर कच्चं करवंद खाल्ल्यासारखी जीभ आखडली. पण त्या तुरटपणाच्या मागून काहीतरी खोल, गोडसर वर येऊ बघत होतं.

"दम हाय हिच्यात. सदाच्या लग्नापत्तुर पिकती बगा."

"लग्नात दारू वाडताय व्हय? न्हाई ती थेरं!" आक्का खालून ओरडली.

सदा त्यांचा एकुलता एक. लढाई लागली, तो पलटणीत गेला, आणि ब्रह्मदेशात बेपत्ता झाल्याची तार आली. आक्काने अन्न टाकलं. भावकी म्हणू लागली, दर्भाचा पुतळा करा, अग्नी द्या, पोराला मोकळं करा... एका दुपारी सगळे ओसरीवर हेच बोलायला जमले होते. दाजी उठून माळ्यावर गेले. वरून 'टक्' ऐकू आलं. शिडी उतरून ते म्हणाले, "आजून कच्ची हाय. पोरगं यायचंय. घाई कशाला?" आक्का उठली आणि चुलीपुढे जाऊन भाकरी थापायला लागली. पुढे दर उन्हाळ्यात हेच झालं. बाटल्या कमी होत गेल्या, पुतळ्याचं राहूनच गेलं, आणि सदाचं ताट वाढलं जात राहिलं.

दाजींचं तेरावं उरकून मी निघालो, तर आक्का शिडीपाशी उभी. "शेवटची याकच ऱ्हायलीया. तूच बग आता," ती म्हणाली.

वर पेंढ्याचा तोच उबट वास होता. मी बाटली उघडली, पेला झरोक्याशी धरला. जांभळ्या रंगाचा मागमूस नव्हता, कड विटकरीच्याही पुढे जाऊन काळपट झाली होती. घोट घेतला आणि अंगावर काटा आला. निव्वळ आंबून गेलेली, शिरक्यासारखी. ही काही गेल्या वर्षात बिघडलेली नव्हती. दाजींसारख्या पारखी जिभेला हे कधीपासून कळत असेल... पाठीमागे कुणीतरी श्वास रोखून उभं आहे असं वाटलं, आणि मी वळून बघितलं नाही.

खाली आलो. आक्का माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अजून कच्ची आहे, आक्का."

तिने बाटली माझ्या हातून घेतली आणि बूच घट्ट दाबून बसवलं. "व्हय," ती म्हणाली, "त्येबी आसंच त्वांड करून सांगायचं."

आणि पदर खोचून, बाटली पुन्हा पेंढ्यात निजवायला ती शिडी चढू लागली.