मार्चमधला बर्फ

"अस्थी तळ्यातच सोडायच्या म्हणे. पण तळं तर गोठलंय."

"मग भोक पाडतील की. लोक नाही का भोक पाडून मासे धरत बसतात..."

नेनेकाकू आणि त्यांच्या बहिणीचं हे बोलणं मी रिकामे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असताना ऐकलं. प्रभाकरकाकांना जाऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. घर माणसांनी भरलं होतं, दाराशी बुटांचा ढीग, आणि कुणाला काय सांगावं ते न सुचून प्रत्येकजण चहा पीत होता. मी कप सिंकमध्ये ठेवले. मी बोलत नाही हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. "हिला तोंड आहे ना गं?" असं नेनेकाकूंनी एकदा प्रभाकरकाकांच्या बायकोला, शालिनीकाकूंना, माझ्यादेखत विचारलं होतं. शालिनीकाकू म्हणाल्या होत्या, "आहे. पण ती ते जपून वापरते."

प्रभाकरकाका माझ्या बाबांचे अमरावतीचे मित्र. एका बाकावर बसून दोघं मॅट्रिक झाले. बाबा पुण्याला बँकेत लागले, काका मिशिगनला आले आणि गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर झाले. मी केमिस्ट्री शिकायला ॲन आर्बरला पोचले, त्याआधी बाबांचं एअरोग्रामवरचं पत्र त्यांच्याकडे पोचलं होतं. पहिल्याच शुक्रवारी काका डॉर्मच्या लॉबीत हजर. बुटकेसे, कानटोपीतले, आणि हातात माझ्यासाठी नारिंगी रंगाचा एक प्रचंड पार्का, टोपी जोडलेला जाड कोट. "कॉन्व्हेंटच्या बाईसाहेब, हा चढवा," ते म्हणाले. "तुमचा पुण्याचा स्वेटर इथे बनियन म्हणून चालतो." मी "थँक यू" म्हटलं. ते म्हणाले, "मराठीत आभार मानायची पद्धत नाही आपल्यात. गाडीत बस." त्यानंतरचे बहुतेक सगळे शनिवार-रविवार मी त्यांच्या घरी काढले.

त्यांचं घर तासाभरावर, एका लहानशा तळ्याच्या काठी होतं. हिवाळ्यात तळं गोठलं की आसपासच्या गावांतले लोक स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर घसरत धावणाऱ्या गाड्या, घेऊन येत. जंगलातून येणारी त्यांची वाट आमच्या खिडकीसमोरून तळ्यावर उतरायची आणि पलीकडच्या काठाला चढायची. काकांनीही एक जुनी, पिवळी स्नोमोबाइल घेतली होती. महाराष्ट्र मंडळात त्यावर पुष्कळ थट्टा चाले. "अरे प्रभाकर, अमरावतीचा माणूस तू, तुला उन्हात हिंडायची सवय, आणि हे काय घसरगुंडीचं वेड?" नेनेकाका विचारायचे. काका म्हणायचे, "उन्हात काय, कुणीही हिंडतो."

पण खरी गोष्ट अशी होती की काका स्नोमोबाइल चालवायचे कमी आणि तळ्यावर पायी फिरायचे जास्त. वाटेची देखभाल करणारा एक स्थानिक क्लब होता, त्यानं तळ्याचा तुकडा काकांकडे सोपवला होता. वाट कुठून न्यायची, कधी उघडायची, कधी बंद करायची, हे काका ठरवत. शनिवारी सकाळी ते पहार घेऊन निघत. बर्फ तपासायच्या त्या लोखंडी कांबीला ते पहारच म्हणायचे. दोन पावलं पुढे पहार आपटायची, ऐकायचं, मग पाऊल टाकायचं. "आधी पायी, मग गाडी," हा त्यांचा नेम. मी त्यांच्या मागून, त्यांच्या पावलांवर पाऊल टाकत, पण बरंच अंतर ठेवून चालायची. एकत्र चालायचं नाही, कारण एकाच जागी दोघांचा भार नको. त्यामुळे आमचं बोलणं मोठ्यानं ओरडून व्हायचं. म्हणजे काका ओरडायचे आणि मी मान हलवायची. "मान हलवलेली मला पाठीला दिसत नाही!" ते ओरडायचे.

नाताळ संपला की शेजारचे लोक आपापली झाडं रस्त्याच्या कडेला टाकून देतात. ती सगळी काका गोळा करून आणत. आम्ही ती घसरगाडीवर रचून तळ्यावर न्यायचो, हातानं फिरवायच्या मोठ्या गिरमिटानं बर्फात भोकं पाडायचो आणि त्यांत ती झाडं रोवायचो. ओल्या बर्फात बुंधा रात्रीत पक्का बसायचा. सकाळी बघावं तर तळ्यावर एक हिरवी वाट उभी असायची, काही झाडांना चंदेरी झिरमिळ्या अजून लटकलेल्या. धुकं असो की हिमवर्षाव, झाडांच्या ओळीतून जाणारा माणूस वाट चुकत नसे. ओढ्याचं पाणी तळ्यात येतं तिथे बर्फ पातळ राहतो, म्हणून काका झाडांची ओळ तिथून लांबून वळवून न्यायचे. सरळ गेलं तर वेळ वाचतो, म्हणून लोक कुरकुरायचे. आणि घरभर पाइनच्या सुया सापडतात म्हणून काकू कुरकुरायच्या. "पोह्यात निघाली आज एक," त्या म्हणायच्या. काका म्हणायचे, "कढीपत्ता समज."

काकूंनी इतक्या वर्षांत बर्फावर एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. काका तळ्यावर असले की त्या खिडकीशी काही ना काही निवडत बसत. तांदूळ, मेथी, काहीही. काका काठावर चढले की त्या उठून चहाचं आधण ठेवत. त्याबद्दल दोघं कधी बोलले असतील असं मला वाटत नाही.

एकदा काकांनी मला पाण्यात पडल्यावर काय करायचं ते शिकवलं... दिवाणखान्यातल्या गालिच्यावर. "पोटावर पड. गालिचा म्हणजे पाणी, सोफ्याकडे बर्फाची कड. कुठल्या बाजूला वळशील?" मी पुढच्या बाजूला हात केला. "चूक. ज्या बाजूनं आलीस, तिकडेच तोंड कर. तिथला बर्फ आत्तापर्यंत तुला पेलत होता. पुढच्याचं काय माहीत?" मग पाय मारत वर सरकायचं, उभं राहायचं नाही, लोळत लोळत दूर जायचं. मी लोळत लोळत जेवणाच्या टेबलापर्यंत गेले. काकू डिश घेऊन उभ्या होत्या. त्या इतक्या हसल्या, की त्यांना डिश खाली ठेवावी लागली. काकांनी लगेच त्यांनाही खाली झोपायला सांगितलं. "मी कशाला जातेय तिथे," त्या म्हणाल्या, पण हसणं चालूच होतं.

दुसऱ्या हिवाळ्यातली एक सकाळ मला फार आठवते. क्लबची मोठी सहल होती. लांबलांबून लोक ट्रेलरवर स्नोमोबाइल लादून आले होते. आदल्या दोन दिवसांत जाड हिमाचा थर पडला होता आणि त्याखाली पाणी साचलं होतं. काका पहार घेऊन जाऊन आले आणि त्यांनी तळ्याच्या तोंडाशी वाट बंद असल्याची पाटी अडकवली. लोक चिडले. एक उंच माणूस म्हणाला, की ज्या देशात बर्फ फक्त ग्लासात असतो, तिथला माणूस आम्हाला आमचं तळं शिकवणार का. दोघं-तिघं हसले. काका पाटीशेजारी उभे राहिले. वाद नाही, खुलासा नाही. कुणी विचारलं तर "टुडे, नो," एवढंच. शेवटी सगळे लांबच्या रस्त्यानं गेले.

घरी येताना मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली? सगळे इतके चिडले होते."

"वाटली ना. मला काय, चारचौघांत वाईट व्हायला आवडतं?" काका म्हणाले. "पण चिडलेला माणूस संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. तेवढं पुरे."

ते जाण्याच्या आदल्या वर्षी, मार्चमध्ये, त्यांनी मला तळ्याच्या कडेचा बर्फाचा एक जाड तुकडा उचलून दाखवला. वीतभर जाडीचा. "हा पेलेल का?" मी म्हटलं, हो. त्यांनी तो गुडघ्याच्या उंचीवरून खाली सोडला. त्याचे उभे, पेन्सिलीसारखे लांब तुकडे झाले आणि काचेसारखे किणकिणत पसरले. "जानेवारीत चार इंच माणसाला पुरतो," काका म्हणाले. "मार्चमध्ये फूटभर असला तरी आतून असा सुटा झालेला असतो. वरून बघणाऱ्याला कळत नाही. मोजणाऱ्यालाही कळत नाही." मग ते तुकडे त्यांनी बुटानं एकत्र केले, उगाचच...

पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटी लॅबमध्ये फोन आला. काकूंचा आवाज नेहमीसारखाच होता. "अगं, काका गेले तुझे," त्या म्हणाल्या. "बूट घालत होते. एक घातला." हृदय बंद पडलं होतं.

काकांनी काकूंना कधीतरी सांगून ठेवलं होतं, "मला पार्सल करून नाशिकला पाठवू नकोस. इथेच तळ्यात सोड." तळ्याच्या मध्यावर त्यांची एक जागा होती. तिथे ते इंजिन बंद करून थर्मासमधला चहा प्यायचे. त्यांच्या मुलाच्या, समीरच्या, मनात तीच जागा होती. समीर कॅलिफोर्नियाहून आला होता आणि रविवारी परत जाणार होता. तेरावा शनिवारी. सगळं जुळत होतं. फक्त त्या आठवड्यात थंडी एकाएकी मोडली. दोन दिवस पाऊस पडला, छपरांवरून पाणी गळत राहिलं, तळ्यावर राखाडी धुकं बसलं. काकांनी रोवलेली झाडं थोडी कलली.

शनिवारी जेवणं झाल्यावर सगळे काठावर आले. साड्यांखाली बूट, कोटांवर शाली. नेनेकाकांनी गिरमिट घेऊन होड्या लावायच्या लाकडी धक्क्याच्या टोकाला भोक पाडून पाहिलं होतं. ते आमच्यातले सर्वांत वडील, आणि काकांवर त्यांचा खरा जीव. "बारा इंच आहे!" त्यांनी हाक दिली. "ट्रक जाईल यावरून. शालिनीवहिनी, तुम्ही पुढे व्हा, मान तुमचा."

समीर म्हणाला, "लेट्स डू इट, आई. डॅड लव्ह्ड दॅट स्पॉट."

काकूंच्या हातात तांब्याचा कलश होता. त्यांनी तळ्याकडे पाहिलं आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, की आज त्या जाणार आहेत. इतकी वर्षं खिडकीतून ज्याची धास्ती घेतली, तिथे आता त्यांना जायचंच होतं. त्यांना अडवायचं म्हणजे काकांपाशी जाण्यापासून अडवायचं, असंच त्यांना वाटलं असतं. मी धक्क्याच्या टोकाशी जाऊन वाकले. भोकाभोवती गिरमिटानं वर आलेला बर्फ पडला होता. एक ढेकूळ हातमोज्यात घेऊन दाबलं. ते उभ्या काड्या होऊन सुटलं आणि बोटांमधून खाली गेलं.

"नेनेकाका," मी म्हटलं. कुणी वळलं नाही. समीर आईचा हात धरून धक्क्याशेजारच्या काठाच्या पायऱ्या उतरत होता, नेनेकाका मागच्यांना ओळ करायला सांगत होते. काकूंचा एक पाय खालच्या पायरीवर होता, दुसरा उचललेला. मी धावत त्यांच्या बाजूनं खाली उतरले आणि त्यांच्यासमोर, काठाच्या शेवटच्या दगडावर, दोन्ही हात पसरून उभी राहिले. मला वाटत होतं की आवाज फुटणार नाही. तो फुटला, आणि पलीकडच्या काठावरून परत आलेला मी स्वतः ऐकला.

"कुणीही पुढे यायचं नाही. बर्फ जाड आहे, पण आतून सुटलाय, तो कुणालाच पेलणार नाही. काकू, पाणी मोकळं होईपर्यंत कलश घरात राहू दे. मग मी वल्हवीन, आपण दोघी होडीतून जाऊ."