उकळलेली कात्री

सिस्टर अगाथा आमच्या पाटलांना पहिल्याच भेटीत 'बे' म्हणाली, तेव्हा पारावर बसलेल्यांच्या हातातल्या चिलमी हातातच राहिल्या. निजामाचं राज्य होतं, पण पाली गावच्या पाटलांना 'बे' म्हणायची छाती तहसीलदाराचीही नव्हती. आणि ही पायघोळ पांढऱ्या झग्यातली, गळ्यात क्रूस घातलेली, इटली नावाच्या मुलखातली बाई अगदी मायेने विचारत होती, "काय बे पाटील, पोट साफ हाय का?"

तिचा त्यात दोष नव्हता. मराठी ती हुसेन गाडीवानाकडून शिकली. बीडला मिशनचा दवाखाना होता, तिथून दर गुरुवारी ती औषधांची पेटी घेऊन त्याच्या छकड्यातून पालीला यायची. वाटेत हुसेन बैलांशी जे बोलायचा ते ती पाठ करायची. त्यामुळे तिला मराठीत प्रार्थना नीट सांगता येत नसे, पण कोणाला हाकलायचं असलं की ती कधी अडली नाही. माझ्या सासूबाईंना ती 'काय बे म्हातारे' म्हणायची. सासूबाई फणकारायच्या, "माझ्या नवऱ्यानं बी मला कधी बे केलं न्हाई." पण दर गुरुवारी सगळ्यांच्या आधी गुडघा दाखवायला त्याच जाऊन बसायच्या.

गावात तिला अगताबाई म्हणत. भर तरुण वयात पांढरं नेसलेली, तेव्हा बिचारीचा नवरा गेला असणार, असं बायांनी ठरवून टाकलं होतं. तिने एकदा ठणकावून सांगितलं, "माझा नवरा देव हाय." त्यावर शेजारच्या गोदाकाकूंनी विचारलं, "देव कुठं मरतो व्हय? मंग कुंकू कावून लावीत न्हाईस?" हुसेनच्या बैलांच्या भाषेत त्याला उत्तर नव्हतं.

तिचा खरा देव कोणता, याची मला मात्र शंकाच होती. गळ्यात क्रूस होता, पण पूजा चालायची ती उकळत्या पातेल्याची. पाणी उकळ, फडकी उकळ, वाटी उकळ. "आधी उकळ, मग बोल," हे तिचं ठरलेलं वाक्य. पायात काटा मोडलेल्या माणसालाही तिने विचारलं होतं, "पानी उकळून पेतोस का बे?" माणसं उकळता आली असती तर तिने सगळी पाली एका कढईत घातली असती. बाकी धर्माच्या बाबतीत तिची कमाई शून्य. येशूची गोष्ट सांगायला बसली की बाया मन लावून ऐकायच्या, शेवटी हात जोडायच्या आणि त्याला नैवेद्य कशाचा लागतो ते विचारायच्या. तीन वर्षांत एक माणूस तिच्या देवाकडे गेला नाही. उलट तिच्याच तोंडी 'अगं बाई' बसलं.

माझे वडील बीडच्या कचेरीत मोहरीर होते, म्हणजे लिहिणावळीचं काम करायचे. त्यामुळे मला अक्षरं येत. सासरी हा माझा दुर्गुण मानला जाई. अगताबाईला मात्र त्याचा उपयोग सापडला. रोगी संपले की ती पाटी घेऊन आमच्या ओट्यावर बाळबोध शिकायला बसायची. असली हट्टी विद्यार्थिनी देवाने वैऱ्याला देऊ नये. तिची सगळी अक्षरं डावीकडे कलायची, पडायला आलेल्या भिंतीसारखी. पुसून पुन्हा काढायला लावलं की म्हणायची, "वाचता येतं न्हवं? मंग कावून भांडतीस बे?"

आता माझं सांगायला हवं, कारण त्यावाचून ही बाई कळायची नाही. माझा पहिला मुलगा आठव्या दिवशी गेला. त्याची दातखीळ बसली, दूध ओढता येईना, अंग मागे वाकलं आणि संपलं. सासूबाई म्हणाल्या, "सटवाईनं त्याचं लिवलंच न्हाई." आमच्याकडे पाचवीला दिवेलागणीच्या वेळी पाटा मांडतात. त्यावर सटवाई बसवायची, पुढे कोरा कागद आणि बोरू ठेवायचा, आणि ज्या हत्याराने नाळ कापली ते हत्यार. सटवाई येते, हत्यार ओळखते आणि बाळाच्या कपाळीचं लिहून जाते. हत्यार नसेल तर तिला कळणार कसं, कोणाचं लिहायचं ते? म्हणून घरातला विळा. त्याच विळ्याने सकाळी कडबा कापलेला असला तरी कोणाचं बिघडत नसे.

दुसऱ्या वेळी मी हट्ट धरून अगताबाईला बोलावलं. तिने उकळलेल्या कात्रीने नाळ कापली, उकळलेल्या दोऱ्याने बांधली, कात्री फडक्यात गुंडाळली आणि ती निघून गेली. मिशनची कात्री कोणाच्या घरी ठेवायची नाही, आणि मूर्तीपुढे तर मुळीच नाही, अशी हैदराबादच्या मोठ्या मदरची सक्त ताकीद होती. ती वळणावर दिसेनाशी होताच सासूबाईंना प्रश्न पडला की आता पाचवीला पाट्यावर ठेवायचं काय. त्यांनी गोठ्यातून विळा आणला आणि उरलेल्या नाळेचा नखाएवढा तुकडा त्याने कापला. "रीतीपुरतं," म्हणाल्या. पाचवी थाटात झाली. हा मुलगाही आठव्या दिवशी गेला.

मी बाजेवरून सगळं पाहत होते आणि गप्प बसले होते. सून म्हणून गप्प बसले. सासूबाईंवर रागवायचा मला हक्क आहे, पण त्याहून जास्त मी स्वतःवर रागावलेली आहे, आजही.

अगताबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, तिची कात्री कच्ची राहिली. हुसेन सांगायचा, तिने ती कात्री दिवसभर चुलीवर ठेवली, पाणी आटलं की पुन्हा ओतायची. त्यानंतर ती पालीत गुडघे बघायची, डोळ्यांत औषध घालायची, पण बाळंतपण म्हटलं की पेटी मिटायची. "माझा हात नको," एवढंच बोलायची. मला आधी वाटलं, बाईला गर्व झाला आहे.

मला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी माझ्या नवऱ्यासाठी दिंद्रुडची एक मुलगी बघून ठेवली. "औंदा बी तसंच झालं तर," हे त्या माझ्यासमोर बोलायच्या, आमटीत मीठ किती घालायचं ते बोलावं तसं. नवरा माझा गरीब. गरीब म्हणजे आईपुढे मान हलवणारा आणि माझ्यापुढे मान खाली घालणारा. दोन मुलं गेली होती, आता घरही जाणार होतं. सातव्या महिन्यात एका गुरुवारी सासूबाई शेतात गेलेल्या पाहून मी अगताबाईच्या हातातली पाटी काढून घेतली आणि सांगून टाकलं. "बाई, तुमची कात्री नव्हती. विळा होता."

मी शिव्यांची वाट पाहत होते, आणि हुसेनच्या कृपेने तिच्याकडे त्या भरपूर होत्या. पण ती हळू आवाजात म्हणाली, "दीड वर्स मी माफी मागते बे. रोज. माझ्या हातानं लेकरू गेलं म्हणून." मग ती उठली, पेटी उचलली आणि छकड्यात बसली. औषधं वाटायची राहिली होती, तीही तिने वाटली नाहीत. ओट्यावर बसून मी पोटभर रडले.

पुढच्या गुरुवारी ती आली ती थेट सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिली. "म्हातारे, कात्री तुझ्या सटवाईपुढं ठेवते. विळा घरात दिसला तर तुझं डोकं उकळीन." सासूबाईंना पहिलं वाक्य इतकं आवडलं की दुसरं त्यांनी मनावर घेतलं नाही. मी हळूच विचारलं, "बाई, मोठ्या मदरला कळलं तर?" ती म्हणाली, "पाप माझं. पोरगं तुझं. तू कावून रडतीस?"

मुलगी झाली. अगताबाईने नाळ कापली आणि कात्री पुन्हा उकळून स्वच्छ फडक्यावर ठेवली. पाचवीला ती दिवस मावळायच्या आत हजर झाली आणि पाट्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, जपमाळ घेऊन बसली. "मी बघत न्हाई," तिने जाहीर केलं, "कात्रीची राखण करते." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "सटवाईला सांग, उकळलेली हाय." सासूबाईंनी कात्रीला हळद-कुंकू वाहिलं. अगताबाईने न वळता नाक उडवलं. "म्हातारे, काय लावलं बे?" सासूबाई म्हणाल्या, "काय न्हाई." दोघी आपापल्या देवासमोर खोटं वागत होत्या आणि दोघींनाही ते साधत नव्हतं.

आरती झाल्यावर तिने सगळ्यांना बाहेर काढलं. म्हणाली, कात्री मोजायची आहे. एकच कात्री, तिचं मोजायचं काय, हे कोणी विचारलं नाही. मी बाजेवर होते, तर मलाही तिने भिंतीकडे तोंड करायला लावलं. मग ती निघून गेली.

सकाळी सासूबाई पाटा उचलायला गेल्या आणि तो तसाच ठेवून मागे सरल्या. आजवर त्यांनी किती पाचव्या केल्या असतील. सटवाईचं लिहिणं माणसाला दिसत नसतं, कागद कोराच राहतो. आज कागदावर अक्षरं होती. त्या तो पदरात धरून माझ्याकडे घेऊन आल्या. "वाच."

मी कागद पाहिला. तीन अक्षरं होती, आणि तिन्ही डावीकडे कलली होती.

"उकळा," मी वाचलं.

"आन् नशिबाचं?"

"नशिबाचं काही नाही. एवढंच आहे."

सासूबाईंनी कागद परत घेतला. "मंग त्येच नशीब आसंल," म्हणाल्या, आणि उठून चुलीवर पाणी ठेवलं. त्या दिवसापासून बाळाचं फडकं न् फडकं त्या स्वतः उकळू लागल्या, आणि विळा गोठ्याबाहेर आला नाही. जिचं तीन वर्षं ऐकलं नाही, तिचंच सटवाईच्या नावाने त्यांनी मुकाट्याने ऐकलं.

आठव्या दिवशी मी सकाळपासून मुलीच्या तोंडाकडे बघत बसले होते. दुपारी तिने तोंड उघडलं, चांगलं मोठं उघडलं, आणि दुधासाठी भोकाड पसरलं. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकलेला नाही. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी हाय म्हनून वाचली, पोरी कुठं मरतात." पण दिंद्रुडचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

गावात बोलबाला झाला. दर घरच्या पाचवीला तीच कात्री लागू लागली, आणि सटवाईचा हुकूम म्हणून आधी तीनदा उकळूनच. आजही पालीत तशीच रीत आहे. का उकळायची, ते विचारलं तर बाया सांगतात, सटवाईला कच्ची चालत नाही. एवढा धर्मप्रसार करून बाई गेली, फक्त तो आमच्याच धर्माचा झाला.

मोठी मदर तपासणीला आली तेव्हा कात्रीच्या सांध्यात हळद बसलेली तिला दिसली. गंज म्हणाली असती तरी निभावलं असतं, असं हुसेन कपाळाला हात लावून सांगत होता. अगताबाईने हळदच सांगितली, आणि कोणाची तेही सांगितलं. आठवड्यात तिची मद्रासकडे बदली झाली.

शेवटच्या गुरुवारी ती आली ती पेटी न घेता. माझ्या हातात तिने फडक्यात गुंडाळलेली कात्री दिली. "मदर म्हणाली, फेकून दे. मी तुझ्याकडं फेकते." मुलीच्या कपाळाला तिने बोट लावलं, कुंकवाला बोट लागणार नाही इतकं जपून. मी तिला विचारलं, "बाई, कागदावर तुमीच लिवलं न्हवं?"

"मी कावून लिहू?" ती तडकली. "दुसऱ्या देवाच्या नावानं लिहिणं पाप हाय. मला माझ्या देवाला तोंड दाखवायचं हाय." आणि छकड्यात चढून बसली.

हुसेनने बैल हाकले. छकडा बिंदुसरा नदीच्या उताराला लागला आणि थांबला. अगताबाई मागच्या बाजूने वाकून ओरडली, "अक्षर बरं व्हतं का बे?"

मीही ओरडून सांगितलं, "लई वाकडं. पण वाचता आलं."