दोन तालमींची माती

जगातलं कुठलंही भांडण खेळानं मिटतं असं छातीठोकपणे सांगणारा, आणि स्वतःच्या जिवलग मित्राशी मात्र वर्षानुवर्षं अबोला धरून बसलेला एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणत असू. सोलापुरात ते शाळेत इतिहास शिकवत. पूर्वी ग्रीस देशात म्हणे शर्यतींच्या दिवसांत लढाया थांबत आणि खेळाडू शत्रूच्या मुलखातून बिनघोर चालत जात. हे काकांच्या वाचनात आलं आणि आमच्या शुक्रवार पेठेचं काही खरं राहिलं नाही. नळावर दोन बायका तावातावानं भांडू लागल्या की काका त्यांना फुगडी घालायला सांगत. एका लग्नात व्याही रुसले, तर यांनी भर मांडवात दोन्हीकडची मंडळी हुतूतूला उभी केली. नवरदेवाचा गुडघा फुटला, पण रुसवा गेला. "बघ, ग्रीकांचं चुकलं नव्हतं," काका मला म्हणाले. मावशी आतून म्हणाली, "त्या ग्रीकांना तुमच्याशी संसार करावा लागला नाही."

तो अबोला होता पेठेतल्या एका तालमीच्या वस्तादांशी. काकांनी एकदा पंच म्हणून त्यांच्या पठ्ठ्याविरुद्ध निकाल दिला, तेवढंच निमित्त. तेव्हापासून वस्तादांच्या तालमीची आणि त्या निकालानं जिंकलेल्या दुसऱ्या तालमीची पोरं दिसेल तिथं एकमेकांची डोकी फोडू लागली. काकांना रात्री झोप लागेना. नागपंचमीच्या कुस्त्या तोंडावर आल्या, आणि यंदा कुणाचा तरी जीव जाणार असं जो तो बोलू लागला. एकमेकांच्या हौद्यात, त्या कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यात, उतरायला कुणीच तयार नव्हतं. मग काका स्वतः घमेलं घेऊन दोन्ही तालमींच्या दारात त्यांच्या हौद्यातली माती मागायला गेले. वस्तादांनी तोंड फिरवलं, पण मातीला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

शाळेच्या मैदानात एक हौदा खणून काकांनी दोन्हीकडची माती त्यात कालवली. आपल्या तालमीच्या मातीत पैलवान शिवी देत नाही, आणि ही तर आता दोघांचीही झाली. पोरं काठावरून पाया पडली, पण पहिला कोण उतरणार? शेवटी वस्तादच म्हणाले, "पोरास्नी कशाला फुडं करताय मास्तर? भांडान आपलं हाय की. उतरा."

जन्मात कुस्ती न खेळलेल्या काकांनी चष्मा माझ्या हातात दिला, धोतराचा काचा मारला आणि उतरले. वस्तादांनी त्यांना अलगद उचललं, तसंच अलगद मातीवर ठेवलं, आणि मग वाकून त्यांची पाठ झटकत विचारलं, "लागलं न्हाय न्हवं?" सारं मैदान हसलं. त्यानंतरच्या कुस्त्यांत एकही डोकं फुटलं नाही. "मी पडलो म्हणून मिटलं," घरी येताना काका म्हणाले, "हे काही ग्रीकांनी लिहून ठेवलेलं नाही."

काका गेले त्या दिवशी वस्ताद मुठीत तीच माती घेऊन आले. ती काकांच्या कपाळाला लावली आणि खांदा द्यायला पुढं झाले. वाटेत माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तवाबी मास्तर असंच हलके लागले हुते."