घोरपडीला नवे टायर: साखळी ते इब्रामपूर

सुमतीने अट घातली, म्हणून हा प्रवास घडला.

"एकदा माका हिच्यार बसवन म्हायेराक व्हरा. नीट पावलंव तर ठेवया. वाटेत टायर फुटलो, तर त्या मांद्रेकाराक दिवन टाका."

'ही' म्हणजे आमची जोडसायकल. हरमलच्या किनाऱ्यावर हंगाम संपवून मायदेशी निघालेल्या एका परदेशी जोडप्याकडून ती मी हौसेने घेतली होती. चाकं पोरांच्या सायकलीएवढी, अंग मात्र लांबच लांब. सुमतीने पहिल्याच दिवशी तिचं नाव घोरपड ठेवलं. मांद्रेकार म्हणजे मांद्र्याला पाहुण्यांना खोल्या देणारा एक गृहस्थ. घोरपडीवर त्याचा डोळा होता आणि फोन सारखे येत होते.

सुमतीला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, पण कडा धुक्यात गेल्या आहेत. एकटीने रस्ता ओलांडायचं तिने केव्हाच सोडलं. घोरपडीच्या मागच्या सीटवर मात्र तिला काही बघावं लागत नाही, नुसते पाय मारायचे. गेल्या वर्षी आम्ही रोज सकाळी साखळीबाहेर चक्कर मारत होतो. मी पुढे बसून शाळेतल्या कविता म्हणायचो. सपाटीवर भुजंगप्रयात, चढावर मंदाक्रांता. पाय आपोआप वृत्तात पडतात, विश्वास नसेल तर करून बघा. उताराला कुठलंच वृत्त चालत नाही, तिथे ब्रेक.

आणि उतारानेच घात केला. मागचा टायर झिजला, तेव्हा बाजारातल्या सायकलवाल्याने "वीस इंची म्हणजे वीस इंची, तात्या" म्हणत पोरांच्या सायकलीचा टायर चढवून दिला होता. चाकाला तो अगदी बरोबर बसला. पण तो एका पोराच्या वजनासाठी केलेला, त्याच्यावर आम्ही दोन म्हातारी माणसं. डिचोलीच्या उतारावर त्याची कूस फाटली. सुमती कोपरावर पडली. कोपर बरं झालं, पण घोरपड भिंतीला टेकली ती टेकलीच.

तेव्हा वाचकहो, तुम्ही लहान चाकांची जोडसायकल घ्यायच्या विचारात असाल तर हे आधी ऐका. लहान चाक त्याच अंतरात जास्त गिरक्या घेतं, म्हणून टायर लवकर झिजतो. खड्ड्यात ते मोठ्या चाकापेक्षा खोल उतरतं. आणि मागच्या टायरवर सगळ्यात जास्त भार. वीस इंचीतही दोन जाती असतात, एकीचा टायर दुसरीच्या चाकावर चढत नाही. टायरच्या कुशीवर मोठ्या आकड्याशेजारी एक बारीक आकडा असतो, तो वाचून दुकानात जा. मी आकड्याच्या भरवशावर न राहता जुना टायरच खांद्याला अडकवून नेला.

हरमलला गेलो, कारण तिथे परदेशी लोकांच्या असल्या सायकली दुरुस्त करणारा उल्हास आहे. साखळीहून म्हापशाची बस, तिथून हरमलची. सोबत सुमती. म्हापशाला कंडक्टरने माझ्या खांद्याकडे बघून विचारलं, "आजोबा, ह्या टायराची हाफ तिकीट काडू काय फुल?"

"हाफ," सुमती म्हणाली. "अर्दो झिजलोच आसा."

अख्खी बस हसली. पडल्यापासून सायकलीच्या विषयावर तिने केलेला तो पहिला विनोद, म्हणून मी जरा जास्तच हसलो.

उल्हास मूळचा सावंतवाडीकडचा. त्याने तीन प्रकारचे टायर समोर टाकले. एक सडपातळ, वेगाचा. तो मी लगेच बाजूला सारला. दुसरा गाठी-गाठींचा, बघताच छाती फुलावी असा. तिसरा जवळजवळ गुळगुळीत, पण जाड; रबराच्या पोटात काट्या-काचेला अडवणारा आणखी एक थर. वजनाला मात्र धोंडा.

माझा हात गाठींवर गेला. शिरगावच्या बाजूला रस्त्यावर खाणींतल्या लोहखनिजाचे खडे पडलेले असतात, तिथे असलाच वाघ हवा, असं मला वाटलं.

"वाघ खरो, पण मातयेतलो," उल्हास म्हणाला. "डांबरार सगळा वजन गाठींवर येता. बेगीन झिजतलो."

"मागच्या टायरार कोण बसता?" सुमतीने मधेच विचारलं.

"तू."

"मगे माका बसान बगूंदे."

दुकानात एक सायकल गाठींच्या टायरची होती, एक गुळगुळीत टायरची. उल्हासने दोन्हींच्या मागच्या कॅरियरवर तिला बसवून रस्त्यावर आळीपाळीने फिरवून आणलं. मी तिथे उभा राहून नवऱ्यांना शोभेल एवढी काळजी करत होतो. ती परत आली आणि म्हणाली, "तो गाठींचो नाका. भुंग्यासारखो आवाज करता. त्या आवाजात माका रस्तो आयकाक येना."

रस्ता ऐकायला! वर्षभर मी पुढे बसून कविता म्हणत होतो आणि ही मागे बसून रस्ता ऐकत होती. मागून येणारी गाडी, पाटाचं पाणी, कोणाच्या अंगणातली कोंबडी, यांतून तिला कळायचं आम्ही कुठे आहोत.

गुळगुळीत, जाड टायरची जोडी घेतली. स्वस्त नव्हती. उल्हासने बजावून सांगितलं, हवा आठवड्याला तपासा, लहान चाकाला मऊ टायर चालत नाही.

निघालो ते उजाडता उजाडता, थंडीच्या दिवसांत. तुम्हीही तेव्हाच जा, उन्हाळ्यात हा रस्ता भाजून काढतो. डिचोलीच्या बाजारात पातळ भाजी आणि गरम उंडे, म्हणजे कडक सालीचे गोल पाव, खाल्ले, वर मिरची. 'त्या' उताराला सुमतीच्या हाताची पकड मला हँडलपर्यंत जाणवली. उतार संपला आणि दोघांनी एकदमच श्वास सोडला.

शिरगावच्या बाजूला रस्ता तांबडा झाला. मोकळ्यावर मी भुजंगप्रयात सुरू केला, पाय लागले, सायकल छान पळायला लागली.

"थांबा!"

"का गं? चाल चुकली?"

"तुमची चाल ऱ्हवांदे. मागल्या टायरात टिकटिक वाजता."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. तरी उतरलो. मागच्या टायरमध्ये खनिजाचा एक धारदार काळा-तांबडा खडा रुतून बसला होता. आता उपटला आणि हवा फुसकन गेली, तर प्रवास तिथेच संपला. तसाच ठेवला, तर प्रत्येक गिरकीला आणखी आत जाणार. मी सुमतीकडे बघितलं.

"माका कित्याक बगतात? काडा."

किल्लीच्या टोकाने खडा उचकटला. सुमती खाली बसली आणि तिने कान टायरला लावला. रस्त्याने जाणाऱ्या स्कूटरवाल्याने वेग कमी करून आमच्याकडे पाहिलं. म्हातारी टायराशी काय गुजगोष्टी करते, असं त्याला वाटलं असणार.

"काय ऐकू येतंय?" मी विचारलं.

"कायच नाय," ती म्हणाली, आणि इतकी हसली की तिला उठवायला मला हात द्यावा लागला.

पुढे अस्नोडा, मग दोडामार्गाचा रस्ता. चढ आला की मंदाक्रांता, पण आता हळू आवाजात. मधेच तिने पाठीवर थाप मारली, "गप ऱ्हवा मां," आणि मी थांबलो. वरून मोपाच्या विमानतळाकडे उतरणारं विमान गेलं. ते दूर गेल्यावर खालून नदीचा आवाज आला. "इली," ती म्हणाली. नदी ओलांडली की पेडणे तालुका, तिचं इब्रामपूर. पुलावर ती पाय मारायचंच विसरली. तेवढा पूल मी एकट्याने ओढला.

दारात तिची थोरली बहीण, माई, उभी होती. घोरपडीला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "गे सुमती, ह्या वयार बाळगाडयेत बसान इलंस?"

"बसान नाय," सुमती म्हणाली. "पाय मारून इलंय."

मग तांदळाची भाकरी, उसळ, सोलकढी आणि दोघी बहिणींच्या गप्पा. आम्ही मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत आलो. येताना काहीच घडलं नाही. प्रवासवर्णनाला हे वाईट, टायराला उत्तम.

आता घोरपड अंगणात उलटी आहे. सुमती पाटावर बसून मागचा टायर हाताने फिरवते आहे. बोटांनी चाचपत टायरच्या रेघांतले खडे काढते आणि मला सांगते. हा खरखरीत, शिरगावचा. हा गुळगुळीत, नदीकडचा. डोळ्यांना न दिसलेली वाट तिच्या बोटांना सापडते आहे. मी उगीच जवळ बसलो आहे.

फोन वाजला. मांद्रेकार. मी तिला विचारलं, "काय सांगू?"

तिने टायर थांबवला नाही. "सांगा, हात रिकामो नाय."