दुसऱ्याच्या कार्डावरचे गोल

बाबा स्लॅबच्या सेंटरिंगवरून पडले तेव्हा मी दहावीत होतो. धायरीत त्या वर्षी जिकडे बघावं तिकडे इमारती चढत होत्या, आणि त्यातल्याच एकीच्या दुसऱ्या मजल्यावरून ते खाली आले. खुबा मोडला. बिल्डरचा माणूस एकदा सफरचंदं घेऊन आला, परत फिरकला नाही. बाबा घरात बसले ते बसलेच. आई पहाटेच्या बसने स्वारगेटला उतरून चालत नारायण पेठेत जायची, एका मेसमध्ये पोळ्या लाटायला. दुपारी तिथल्या उरलेल्या पोळ्या घरी आणायची, त्या आम्ही कोऱ्या चहात बुडवून खायचो. तिची मनगटं कायम सुजलेली.

आमच्या घरात एकही कागद पहिल्या फटक्यात बरोबर आला नाही. रेशनकार्डावर बाबांचं नाव भलतंच, माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख भलतीच. बाबा स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणायचे आणि काम व्हायचं. कागद चुकतो आणि कागद दुरुस्त होतो, एवढं आम्हाला कायद्याचं ज्ञान.

मी फुटबॉलमध्ये फॉरवर्ड खेळायचो. पायात वेग होता, बाकी काही नव्हतं. बारावीत असताना लीगच्या तिसऱ्या डिव्हिजनमधल्या एका क्लबच्या सेक्रेटरींनी मला शाळेच्या जुन्या मैदानावर पाहिलं. त्यांचं पेठेत चष्म्याचं दुकान. ते म्हणाले, "नोंदणीची मुदत संपली आहे. आमचा फॉरवर्ड नोकरी लागून बंगळूरला गेला. त्याच्या नोंदणीच्या कार्डावर खेळ."

"आणि फोटो?"

"त्या फोटोत त्याला त्याची आईसुद्धा ओळखणार नाही."

खालच्या डिव्हिजनमध्ये हे सर्रास चालायचं. मॅचआधी रेफरी दोन्ही संघांना ओळीत उभं करून नावं वाचायचा, आपण "हजर" म्हणायचं. पहिल्या दिवशी ते नाव आलं आणि मी गप्पच. कॅप्टनने बरगडीत कोपर मारलं. "मेलास का?" "हजर," मी ओरडलो. पुढे सवय झाली. मैदान म्हणजे नुसता मुरूम, पडलं की ढोपर सोलून निघायचं. गोल मारला की संघातली पोरं त्याच नावाने हाका मारायची आणि मी वळून बघायचो.

एकदा पेपरच्या स्थानिक पानावर निकाल छापून आला. बाबांनी चष्मा लावला.

"ह्यात तुझं नाव कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. "हा मी."

"हे आपलं नाव न्हाय."

"पुढे दुरुस्त करता येईल."

"व्हय, ॲफिडेव्हिट करू," बाबा म्हणाले, आणि कात्रण कागदांच्या डब्यात ठेवलं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या हंगामात मी सोळा गोल मारले. आमचा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला. सर्वाधिक गोलांचं प्रमाणपत्र आलं, अर्थात त्या बंगळूरवाल्याच्या नावाने.

बारावीला मी काठावर पास झालो. चांगल्या कॉलेजात जायचा एकच रस्ता उरला होता, खेळाडूंचा कोटा. त्यात फीसुद्धा माफ होती, नाहीतर आमच्याच्याने ते झेपणार नव्हतं. कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी माझा खेळ पाहिला, खूश झाले. "प्रमाणपत्र आणा, जागा तुमची."

"आणतो सर. नाव तेवढं दुरुस्त करायचंय."

आईने मेसमधून सुट्टी घेतली. आम्ही कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि यंत्रावरचे हात काढले.

"म्हणजे मी असं लिहू? मी शपथेवर सांगतो, की मी वर्षभर दुसराच माणूस म्हणून खोटी हजेरी लावली. खाली तुमची सही. आणि हे घेऊन कुठे जाणार, चौकीत?"

"अवो, पर गोल ह्यानंच मारल्यात," आई म्हणाली.

"मारले असतील बाई. कागदावर हा एक दिवसही खेळलेला नाही."

परतीच्या बसमध्ये आई प्लॅस्टिकची फाइल मांडीवर धरून बसली होती.

मी सेक्रेटरींच्या दुकानात गेलो. मीच खेळलो, एवढं लिहून द्या म्हटलं. ते काच पुसत राहिले. "लिहून देतो की. मग क्लब खाली, अकराजणांवर बंदी, आणि तुझ्यावर सगळ्यात आधी. चालेल?"

"मग निदान पुढच्या हंगामात माझ्या नावाने नोंदवा."

"सगळे रेफरी तुला त्या नावाने ओळखतात. सोळा गोल मारलेस, कमी मारले असतेस तर बरं झालं असतं. खेळायचं तर त्याच नावाने. नाहीतर घरी बस."

मी घरी बसलो. त्या नावाने पुन्हा "हजर" म्हणालो नाही.

क्रीडाशिक्षकांना जाऊन सगळं खरं सांगितलं. त्यांनी फॉर्म उलटूनपालटून पाहिला. "सांगितलंत ते बरं केलंत. पण आमच्या फॉर्मात याला रकाना नाही." जागा दुसऱ्याला गेली.

मग बी.कॉम.चा बहिःस्थ फॉर्म भरला. दिवसभर औषधांच्या गोदामात खोकी उचलायची आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच खोक्यांवर बसून अकाउंट्स वाचायचं. कॉलेजची पायरी फक्त परीक्षेला चढलो. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी बाबा गेले. मृत्यूच्या दाखल्यावरचं त्यांचं नाव मी खिडकीवर उभं राहून तीनदा वाचून घेतलं. डब्यात ते कात्रण तसंच होतं.

शेवटच्या वर्षी दुसऱ्या एका क्लबने मला घेतलं, पुन्हा तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, माझ्याच कार्डावर. रेफरी नवा होता. गुडघा गोदामाने खाल्लेला. सात मॅचेस खेळलो, एक गोल, तोही पेनल्टीवर. नंतर बूट ठेवून दिले.

निकाल लागला. पदवीचा कागद आला तेव्हा आईने हात धुऊन, पुसून तो घेतला आणि विचारलं, "नाव बरोबर हाय ना?"

बरोबर होतं. मी बी.कॉम. झालो, द्वितीय श्रेणीत, आमच्या घरातला पहिला.