पोटरी दुखली की थांबायचं

ये गं, अशी जवळ बस म्हणावं, तर तू तिकडं पुण्यात. मंग कागदावरच रागावते. मोबाइलात त्या पायाच्या दुखण्याचं वाचून दादांची, तुझ्या बापाची, उरलेली वर्षं मोजतीस, अन् मलाच फोन करून रडतीस व्हय?

तुझे दादा एरवी तोंडातून शब्द न काढणारे. पण मागच्या कापूस वेचणीला एकदम बोलघेवडे झाले. घरापासून पारापर्यंत चार ठिकाणी थांबायचे. याच्या म्हशीची चौकशी, त्याच्या सुनेची चौकशी. मला वाटलं, म्हातारपणी माणूस सुधारला. एक दिवस मी मागून गेले, तर कुलूप लावलेल्या घरापुढं उभं राहून "काय, बरंय ना?" विचारून राह्यले. अन् हातानं पोटरी गच्च दाबलेली.

मी बाजेवर बसवून तापल्या विटेनं शेकत राह्यले. दुखणं काही हटंना, मंग जालन्याला नेलं. डॉक्टरनं दंडाला अन् घोट्याला पट्टा बांधून बीपी मोजला. म्हणाला, "पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. शेक बंद करा, चटका बसला तरी यांना कळायचा न्हाई."

मी सरळ विचारलं, "किती दिवस सोबत राहतील?"

दादा म्हणाले, "घ्या! ही एसटीचा टाइम विचारून राह्यली."

डॉक्टर हसला, मंग गंभीर झाला. "मावशी, पायापेक्षा मला हृदयाची अन् मेंदूची काळजी. तिथंबी असंच असू शकतं. वर्षं कुणी सांगू शकत न्हाई. पण बिडी बिलकुल बंद, गोळ्या बराबर, अन् रोज चालायचं. दुखलं की थांबायचं, दुखायचं राहिलं की पुन्हा निघायचं. असं सांभाळून लई वर्षं जगणारे आहेत."

बिडी काही लगेच सुटली न्हाई. दोनदा गोठ्यात ओढताना सापडले. दुसऱ्यांदा मी भांडले न्हाई, शेजारी बसले. म्हणलं, "मला एकटीला भाकर गोड लागायची न्हाई." त्यांनी बंडल माझ्या हातात दिलं.

आता सकाळी दोघं चालतो. ते थांबले की मीबी थांबते. शाळेपर्यंत आधी तीनदा थांबावं लागायचं, आता एकदाच. भीती गेली असं न्हाई. दुपारी ते झोपले की मी त्यांच्या छातीकडं बघत बसते, वरखाली होते का न्हाई.

काल शाळेपाशी थांबलो, तर म्हणाले, "पोरगी आली तर तिला दाखवू, एवढं चालतो म्हणून." तवा फोनवर रडू नको. जल्दी ये, लेकरांना घेऊन ये, अन् चार दिवस ऱ्हा.