तिसऱ्यांदा नगं

आमचे हे पाळक. गडमुडशिंगीच्या पुढं एका वस्तीवर आमचं छोटं चर्च आहे आणि दर हिवाळ्यात परदेशातून स्वयंसेवकांचं पथक तिथं काम करायला येतं. त्यांना उतरवून घ्यायचं, काम ठरवायचं, दोन्हीकडचं बोलणं एकमेकांपर्यंत पोचवायचं, हे सगळं ह्यांच्या गळ्यात. कोल्हापूरच्या घरात त्या सगळ्यांना जेवूखाऊ घालायचं, ते माझ्या.

दुभाष्यानं पदरचं काही घालू नये, असा ह्यांचा बाणा. समोरचा म्हणाला तेवढंच सांगायचं. ऐकायला फार चांगलं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात पथकाच्या प्रमुख बाईंनी उपासनेनंतर बायकांना बसवून विचारलं, "तुमच्यासाठी इथं संडास बांधून देऊ का?" मी मागं चहाचे कप विसळत होते, हातातला कप तसाच राहिला. हा प्रश्न निघावा म्हणून मी कितीतरी दिवस ह्यांच्या कानीकपाळी ओरडत होते. उपासना दुपारपर्यंत चालते. बायका लांबून वडापच्या खच्चून भरलेल्या जीपनं येतात. ऊस उभा असतो तोवर आडोसा असतो, तो तुटला की सगळं रान उघडं. आमच्यातली सगळ्यात वयस्कर मावशी तर रविवारी उठल्यापासून पाण्याला तोंड लावत नाही. एकदा गीत म्हणता म्हणता घेरी येऊन खाली बसली होती.

सगळ्यांनी मावशीकडं बघितलं. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "नगं बाई. कशाला उगंच तरास? आमचं चाललंय की."

आता कोल्हापुरात वाढलेल्या कुणालाही विचारा, पहिलं नको हे नको नसतंच. आपण "घ्या की" म्हणायचं, समोरच्यानं परत "नगं" म्हणायचं, आणि मग वाढायचंच. पहिल्या झटक्यात "द्या" म्हणणारा आमच्याकडं हावरट ठरतो. पथकातल्या पोरींच्या ताटात मी अशीच चपाती टाकते आणि त्या बिचाऱ्या रडकुंडीला येतात, कारण त्यांचं पहिलंच नको खरं असतं.

आणि ह्यांनी काय सांगावं? "त्यांना नको आहे." बस्स, एवढंच. बाईंनी मान डोलावली आणि चर्चची भिंत रंगवायचं ठरलं. दरवर्षीचीच भिंत. पांढरी असली की निळी करायची, निळी असली की पांढरी.

घरी येताना मी गाडीतच तोंड सोडलं. "अहो, मावशीला हवा होता संडास."

"मग तसं म्हणायचं त्यांनी."

"तुम्ही परत विचारायचं की!"

"आग्रह करणं दुभाष्याचं काम नाही."

"आणि माझ्या भावाला आग्रह करकरून वाढता, तेव्हा कुठं जातो हा दुभाष्या?"

त्यावर ह्यांनी काच खाली केली आणि बाहेर बघत बसले. माझं इंग्रजी चहा-साखरेपुरतं, तरी मी बाईंना स्वयंपाकघरात गाठून सांगून बघितलं. त्या गोड हसून म्हणाल्या, त्यांनी स्वतःच नको म्हटलंय, आम्ही त्यांच्या मताचा मान राखतो. असला संताप झाला! मान घेऊन काय रानात जायचं? त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं आणि सगळ्यांनी ती छान छान म्हणत खाल्ली.

भिंत झाली. रविवारी तिच्यापुढं छोटा समारंभ झाला. मावशीला मधल्या खुर्चीत बसवलेलं, उन्हात, ओठ सुकलेले. पथकातल्या एका पोरीनं तिच्यापुढं पाण्याची बाटली धरली.

"नगं," मावशी म्हणाली.

ह्यांना बहुतेक माझं भांडण आठवलं. पुढं होऊन म्हणाले, "घ्या की मावशी."

"नगं."

"अहो, घोटभर तरी घ्या."

मावशीनं हातानं बाटली बाजूला सारली. "पाळकसाहेब, नगं म्हटलं न्हवं? पिऊन जाऊ कुटं?"

पोरीला काही कळेना. बाटली तशीच हातात धरून तिनं ह्यांना विचारलं, काय म्हणाल्या त्या? हे माझ्याकडं बघायला लागले.

"सांगा की," मी म्हटलं. "पदरचं काही घालू नका."